अकराशे सोळा लोलक

जो राजा सहज भेटतो तो लहान राजा आणि जो काही केल्या भेटत नाही तो मोठा राजा, हे राज्यशास्त्राचं पहिलं कलम समजायला हरकत नाही. या कलमाप्रमाणं करजगडचे श्रीमंत हिंदुस्थानातल्या पहिल्या चार-पाच राजांत सहज बसले असते. (संस्थान सोलापूरच्या दक्षिणेला होतं आणि एकंदर एकोणीस गावांचं होतं, ही गोष्ट इथं गौण आहे.) वर्षातले सात महिने श्रीमंत उटीला असत, तीन महिने पुण्याला घोड्यांच्या शर्यतींना, दीड महिना वाटेत आणि उरलेला पंधरवडा करजगडला; पण तेव्हा त्यांना प्रवासाचा शीण आलेला असे. रयतेनं याबद्दल कधी ब्र काढला नाही. राजा दिसत नाही म्हणजे तो कुठंतरी आपल्याच काळजीत असणार, असं रयतेला वाटे. देवाच्या बाबतीत आपण सगळे हेच करतो आणि आजवर आपलं काही अडलेलं नाही.

तरीपण रयत म्हटली की तिच्या डोळ्यांना काहीतरी लागतंच. म्हणून सन १९३१ साली दरबारनं ठराव केला, की ज्याअर्थी श्रीमंत दाखवता येत नाहीत, त्याअर्थी श्रीमंतांचा महाल दाखवण्यात यावा. दर सोमवारी आणि गुरुवारी. आता किल्ल्यातला हा महाल म्हणजे काय सांगावं तुम्हांला! बेचाळीस दालनं. एकशे अठरा दारं. (त्यांतली तेरा भिंतीवर नुसती रंगवलेली; पण रंगाऱ्यानं कड्या अशा काढल्यात की दरसाल चार-दोन माणसांची नखं तुटतात.) सोन्याचा मुलामा दिलेले खांब, विलायती आरसे, आणि दरबार दिवाणखान्यात बेल्जमहून आलेलं झुंबर, त्याला अकराशे सोळा लोलक. हे झुंबर आजपर्यंत एकदाही पेटवलेलं नाही, कारण पेटवलं तर छताचा सोनेरी रंग काळवंडेल. छताचा रंग चांगला दिसावा म्हणून तर झुंबर आणलं होतं.

या सगळ्याची व्यवस्था बघायला 'महालदर्शन खातं' निघालं. खात्यात एक मुख्य कारकून, दोन शिपाई आणि प्रेक्षकांना उसनी द्यायची चोवीस पागोटी. नुसत्या भिंती बघायला माणसं फार येत नाहीत, काहीतरी हलतं-उडतं हवं, असा मुख्य कारकुनांनी शेरा मारल्यावरून वर्षाच्या आत महालाच्या चौकात कारंजंही बसवलं. चार दगडी सिंह, चौघांच्या तोंडातून पाणी. हे पाणी कुठून येतं असा प्रश्न संस्थानातल्या एकोणीस गावांपैकी फक्त बोरहाळला पडला, कारण ते त्यांच्या तळ्यातून यायचं.

बोरहाळ किल्ल्यापासून पाऊण कोसावर. चौसष्ट उंबरे, एक तळं, एक आड. तळ्याला लोखंडी नळ लागला त्या दिवशी गावानं नारळ फोडला होता. नळ आला म्हणजे पाणी येणार, असं कुणालाही वाटेल की. नळातून पाणी जातंही, हे गावाला माघात समजलं. चैत्र लागला तेव्हा तळ्यात म्हशी डुंबायच्या त्या जागेवर विटीदांडू चालला होता आणि आडात दोन हात पाणी उरलं होतं. तेही असं, की एक घागर वर काढायची आणि गाळ बसेपर्यंत शेजारणीशी भांडत बसायचं.

तेव्हा गावानं अर्ज करायचं ठरवलं. पण अर्ज घेणारे कारकून श्रीमंतांबरोबर उटीला गेलेले. (ते बरोबर नसते तर श्रीमंतांना अर्ज नाकारता कसे आले असते?) वाट राहिली एकच. दरबार दिवाणखान्यात गादीच्या उजव्या अंगाला चांदीची अर्जपेटी आहे, आणि तीत अर्ज पडला की तो श्रीमंतांच्या हाती पडला असं समजावं, असा जुना हुकूम होता. मात्र पेटीपाशी पोचायचं तर महाल बघायला आलेला माणूस म्हणून जायचं आणि आधी एक्केचाळीस दालनं बघायची.

या कामासाठी गावानं बसलिंगप्पाला निवडलं. बसलिंगप्पा बोरहाळचाच, पण बारा वर्षं सोलापुरात, नवी पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात हातात गज धरून उभा. अंगात कोट असल्यामुळं गावात त्याला शहाणा म्हणत. आणि खरं सांगायचं तर त्याच्या बोटांत कसब होतं. डोळे मिटून कापडाला नुसता अंगठा लावायचा आणि सांगायचा, सूत कितीचं, खळ किती, रंग पहिल्या धुण्याला जाईल की तिसऱ्या. बड्या घरच्या बायका दुकानात आल्या की मालकाला सोडून त्याला विचारायच्या. या बोटांचा त्याला अभिमान होता आणि तो त्यानं मिळवलेला होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

अर्ज त्यानं नवी पेठेतल्याच एका नामांकित अर्जनविसाकडून लिहून घेतला. अर्ज चार पानी झाला. पहिल्या पानावर श्रीमंतांचे किताब, दुसऱ्यावर श्रीमंतांच्या पूर्वजांचे किताब, तिसऱ्यावर श्रीमंतांचं राज्य चंद्रसूर्य असेतो चालावं म्हणून आशीर्वचन. चौथ्या पानाच्या तळाशी दोन बोटं जागा उरली, तिथं लिहिलं: 'तरी पाण्याविषयी कृपादृष्टी असावी.'

"यात पाणी नाही असं कुठं आलंय?" बसलिंगप्पानं विचारलं.

"राजाला 'नाही' लिहीत नसतात," अर्जनवीस म्हणाला. "'पाण्याविषयी' लिहिलंय ना? त्यात सगळं आलं."

बसलिंगप्पाला ते पटलं. शहरात बारा वर्षं काढलेल्या माणसाला अशा गोष्टी लगेच पटतात. पटलं नाही ते त्याच्या आत्तीला, निंगव्वाला. सत्तरीची म्हातारी, बोरहाळातच जन्मली, बोरहाळातच दिली. आडावरची भांडणं सोडवायचं काम गावानं तिच्याकडं सोपवलेलं, त्यामुळं पाण्याचं तिला जितकं कळे तितकं दुसऱ्या कुणाला कळत नसे.

"कागदावर लिव्हलेलं पानी राजाला काय कळनार हाय?" ती म्हणाली. "त्येला दावा की! आडातलं तांब्याभर भरून न्यायचं आन त्येच्या म्होरं ठेवायचं. म्हनावं, बग बाबा, ह्ये पितो आमी."

आता हा विचार इतका साधा आणि सरळ होता की दरबारात त्याचा निभाव लागणं कठीणच. पण गावाला तो पसंत पडला. निंगव्वानं आडातलं पाणी तांब्यात भरलं, वर तरंगणाऱ्या काटक्यासुद्धा राहू दिल्या. आणि इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण राजापुढं जायचं म्हणजे उघड्या तोंडाचा तांब्या न्यायचा का? शिवा शिवा! असला अपशकुन बोरहाळात कुणी शत्रूच्या दारातही नेला नसता. म्हणून तिनं तांब्या चिंचेनं घासून लखलखीत केला, त्याला भस्माचे तीन पट्टे ओढले, तोंडावर पाच विड्याची पानं लावली, मधोमध नारळ बसवला आणि वरून खणाचा नवा तुकडा पांघरला. बाहेरून बघणाराला आत गाळ आहे असं सात जन्मांत वाटलं नसतं.

गुरुवारी सकाळी दोघं किल्ल्याच्या देवडीवर हजर झाली. देवडीवर नियमांची पाटी होती आणि ती शिपायानं मोठ्यानं वाचून दाखवली, कारण वाचता येणाऱ्या माणसानं नियम मनातल्या मनात वाचले तर ते पाळल्याचा पुरावा राहत नाही. पाय उघडे हवेत, डोकं झाकलेलं हवं. टोपी हे डोकं झाकणं नव्हे. (पांढऱ्या टोपीचं तर नावही काढायचं नाही, सोलापुरात दोन वर्षांपूर्वी तिच्यापायी मार्शल लॉपर्यंत काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं.) महालात शिंकू नये. शिंक आलीच तर ती पुढच्या दालनात जाऊन द्यावी. काठी, छत्री, कुत्रं, विडी, वर्तमानपत्र आणि संस्थानाबाहेरचा भूगोल सांगणारा इसम यांस मनाई आहे.

बसलिंगप्पाची काळी टोपी काढून ठेवली आणि त्याला लाल पागोटं दिलं. पागोटी तीन मापांची असत: लहान, मोठं आणि दिवाणसाहेबांचं. लहान रफूला गेली होती, मोठी धुवायला गेली होती. म्हणून बसलिंगप्पाला दिवाणसाहेबांचं मिळालं. ते डोक्यावर चढताच त्याची मान आपोआप ताठ झाली, कारण वाकवली तर पागोटं पडत होतं. दरबारी माणसं ताठ का चालतात याचा इतका सोपा उलगडा दुसरीकडं कुठं मिळणार नाही.

"ह्यात काय?" शिपायानं तांब्याकडं बोट केलं.

"पानी," निंगव्वा म्हणाली.

शिपायानं मनाईची यादी पुन्हा वाचली. पाणी तीत नव्हतं. मग तो आत जाऊन विचारून आला. जी वस्तू मनाईच्या यादीत नाही ती नजराण्याच्या यादीत धरावी, असा खात्याचा नियम निघाला. शिपायानं तांब्याला अदबीनं हात जोडले आणि वाट सोडली. निंगव्वाला बरं वाटलं. राजाच्या घरी पाण्याला मान आहे, असं ती वाटेत म्हणालीसुद्धा.

आत मुख्य कारकून हिंदुराव हातात रुप्याच्या मुठीची छडी घेऊन उभे होते. हिंदुराव म्हणजे त्या महालाचं बोलणं. बेचाळीस दालनांची बेचाळीस वर्णनं त्यांना मुखोद्गत होती आणि खात्याच्या शिस्तीप्रमाणं मध्येच कुणी प्रश्न विचारला तर त्या दालनाचं वर्णन पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. (एका मास्तरानं एकदा पाच प्रश्न विचारले. त्याला बाहेर यायला सोमवार उजाडला.) त्या दिवशी बघणारी माणसं ही दोघंच होती. हिंदुरावांनी छडी उचलली. दालन पहिलं: श्रीमंतांच्या पणजोबांचा पलंग, शिसवी, पाय सिंहाचे, यावर पणजोबा कधीही झोपले नाहीत कारण चढायला शिडी लागे.

"रावसायेब, पान्याचं कुनाला सांगायचं?" निंगव्वानं विचारलं.

"दालन पहिलं," हिंदुराव म्हणाले, "श्रीमंतांच्या पणजोबांचा पलंग, शिसवी, पाय सिंहाचे..."

असं तीनदा झाल्यावर बसलिंगप्पानं तिला डोळ्यांनी दटावलं. मग मात्र महाल भराभर उलगडत गेला. श्रीमंतांचे बूट, सत्त्याऐंशी जोड आणि एक सुटा. पेंढा भरलेला वाघ, जो शिकारीच्या आधीच मेला होता असं म्हणणाऱ्याला गेल्या साली संस्थानातून काढून दिलं. बाराशे पुस्तकं, सगळी एका मापाची, कपाटाच्या फळ्या बघून मागवलेली. एक विलायती घड्याळ. त्यातून दर तासाला चिमणी बाहेर यायची, पण श्रीमंत गावात नसताना तिनं बाहेर येऊ नये असा हुकूम असल्यामुळं तिला दोरा बांधून ठेवलेला.

चौदाव्या दालनात, म्हणजे आरसेमहालात, समोरून एक लाल पागोट्याचे भारदस्त गृहस्थ येताना दिसले आणि बसलिंगप्पानं कमरेत वाकून मुजरा केला. त्या गृहस्थांनीही तत्क्षणी उलट मुजरा केला. एवढा मोठा माणूस, पण काय नम्रपणा, म्हणून बसलिंगप्पा गहिवरला. पागोटं घसरून नाकावर आलं तेव्हा त्याला उमगलं. हिंदुराव हसले नाहीत. ते म्हणाले, इथं सगळेच करतात, गेल्या महिन्यात एका मामलेदारांनी चार भिंतींना चार केले.

घात झाला तो एकविसाव्या दालनात. तिथं मखमलीचे पडदे होते, गर्द जांभळे, जमिनीपर्यंत लोळणारे. बसलिंगप्पानं ते पाहिले आणि त्याच्या बोटांना आपोआप खाज सुटली. इकडंतिकडं बघून त्यानं हळूच अंगठा लावला, डोळे मिटले आणि एकदम ओरडलाच, "अहो, हे तर मी मोजलेलं कापड! अठ्ठ्याऐंशी गज! चार वर्षांमागं दुकानात करजगडचा माणूस आला होता. ह्या कडेला माझ्याच कात्रीचा काप आहे, बघा!"

हिंदुराव थबकले. वर्णनात पडदे पॅरिसचे होते. पण हिंदुराव मुरलेले गृहस्थ होते. त्यांनी छडी काखेत मारली, बसलिंगप्पाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मायेनं म्हणाले, "मग तुम्ही परके कुठले? तुम्ही महालाचेच की!"

माणसाला उभ्या आयुष्यात असं वाक्य एखाद्या वेळीच ऐकायला मिळतं. बारा वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या अंगावर जाणारं कापड मोजलं होतं. ते पुढं कुठं जातं, कुणाच्या खिडकीवर लोळतं, त्याला कधी दिसलं नव्हतं; आज दिसलं होतं, वर त्याला कुणी आपलं म्हटलं होतं. त्यानंतर हिंदुराव त्याला प्रत्येक दालनात विचारायचे, "हा पोत कसा काय?" आणि बसलिंगप्पा डोळे मिटून सांगायचा. गाद्या, गिरद्या, छताची कापडं, हत्तीची झूल. मागून निंगव्वा तांब्या सांभाळत येत होती. हात बदलत होती. तिला एकदाही कुणी बसा म्हणालं नाही, कारण त्या महालात एकशे चाळीस खुर्च्या होत्या आणि सगळ्या बघण्याच्या होत्या.

एकतिसावं दालन म्हणजे मधला चौक. तिथं कारंजं चाललं होतं. चार सिंह, चार धारा, उन्हात इंद्रधनुष्य. हिंदुरावांनी आकडे सांगितले: कारंजं एका घटकेत जितकं पाणी उडवतं तितक्यात मध्यम आकाराचं एक खेडं तीन दिवस स्वयंपाक करील. हे ते अभिमानानं सांगत. निंगव्वा पुढं गेली. तांब्या कडेवर घेऊन तिनं दुसऱ्या हाताची ओंजळ सिंहाच्या तोंडाखाली धरली आणि घोटभर प्याली.

"आपल्या तळ्याचंच हाय," ती म्हणाली. "बसल्या, आरं, आपलंच हाय की रं! चव हाय बग त्येला."

"आजी, हे पाणी पिण्याचं नव्हे. बघण्याचं," हिंदुराव म्हणाले.

"आन उडालेलं कुटं जातं?"

"ओढ्यात. एकदा उडालेलं पाणी पुन्हा उडवत नाहीत. श्रीमंतांपुढं शिळं पाणी चालत नाही."

"पन श्रीमंत न्हाईत की हितं!"

हिंदुरावांनी चौकाचं वर्णन पहिल्यापासून सुरू केलं. निंगव्वानं भाच्याकडं पाहिलं. भाचा सिंहांच्या मागं टांगलेल्या बांबूच्या चिकाच्या पडद्याची वीण बघत होता. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि ती मागं झाली.

अखेर बेचाळिसावं दालन आलं. दरबार दिवाणखाना! आत पाऊल ठेवताच माणसाची मान वर जाते आणि वरच राहते, कारण वर झुंबर आहे. हिंदुरावांनी छडी झुंबराकडं उचलली. मग कुजबुजले, "अकराशे सोळा."

"अकराशे सोळा!" बसलिंगप्पा म्हणाला.

निंगव्वानं त्याच्या कोटाची बाही ओढली. "पेटी बग. पेटीत टाक."

अर्जपेटी होती. चांदीची, नक्षीची, वर मोराची जोडी. फक्त तिला फट नव्हती. फट ठेवली तर आत धूळ जाते, असं सोनारानं सांगितल्यावरून ठेवली नव्हती. सबब अर्ज हिंदुरावांच्या हातात द्यावा लागला आणि त्यांनी गादीसमोर उभं राहून तो मोठ्यानं वाचायला घेतला. पहिल्या पानावर त्यांचा आवाज घोगरा झाला. दुसऱ्यावर त्यांनी डोळे टिपले. तिसऱ्या पानाच्या शेवटी त्यांना पुढं वाचवेना. "काय हे मानपत्र!" ते म्हणाले. "पंधरा वर्षांच्या नोकरीत असं मानपत्र पाहिलं नाही." चौथं पान त्यांनी आदरानं नुसतं उलटून बघितलं, तळाशी पाणी आणि कृपादृष्टी हे दोन शब्द त्यांना दिसले. मग त्यांची नजर तांब्याकडं गेली. लखलखीत तांब्या, भस्म, पाच पानं, नारळ, नवा खण.

राजाच्या गादीपुढं कुणी रिकाम्या हातानं येत नाही आणि गादीपुढं जे येतं ते परत जात नाही, ही आपली जुनी रीत आहे. हिंदुरावांनी तांब्या निंगव्वाच्या हातून दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, गादीपुढं ठेवला. नजराण्याची वही उघडली आणि लिहीत लिहीत मोठ्यानं म्हणाले, "मौजे बोरहाळ येथील समस्त रयतेनं आपल्या गावचं पाणी, कलश पूजून, मानपत्रासह, श्रीमंतांच्या चरणी स्वखुशीनं अर्पण केलं. बरोबर ना, बसलिंगप्पा?"

"आरं, दिलं न्हाय!" निंगव्वा ओरडली. "दावायला आनलंय त्ये! आत गाळ हाय, गाळ!"

"बायकांच्या अभिप्रायाची वही वेगळी असते, आजी," हिंदुराव शांतपणे म्हणाले. "ती सोलापूरला छापायला दिलेली आहे."

तिनं तांब्याकडं झेप घेतली. नारळ काढायचा, पाणी गादीपुढं ओतायचं, गाळ न् गाळ सगळा दाखवायचा. हात नारळापर्यंत गेला. आणि तिथं थांबला. पूजून मांडलेल्या कलशावरचा नारळ उचलायचा म्हणजे त्या घराचं वाटोळं चिंतायचं, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. राजानं पाणी सोडावं एवढंच तिला हवं होतं. राजाचं वाईट व्हावं असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं, हीच मोठी अडचण झाली. तिनं हात मागं घेतला आणि भाच्याकडं पाहिलं. आता सगळं त्याच्या एका शब्दावर होतं.

बसलिंगप्पानं सगळं ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं आणि त्याला नीट समजलंही होतं. पाणी गेलं, हे त्याला कळलं. पण जो माणूस 'तुम्ही महालाचेच' म्हणाला त्याच्या तोंडावर 'तुम्ही लिहिलंत ते खोटं आहे' कसं म्हणायचं? बारा वर्षं दुकानात त्यानं गिऱ्हाइकाला एकच वाक्य म्हटलं होतं, ते त्याच्या जिभेवर तयारच होतं.

"बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला. आणि त्यानं सही केली. अक्षर फार सुरेख होतं त्याचं.

देवडीवर पागोटं परत केलं, टोपी घेतली, दोघं बोरहाळच्या वाटेला लागली. उन्हं चढली होती. आत्ती काहीतरी बोलेल, शिव्या तरी देईल, म्हणून बसलिंगप्पा वाट बघत होता. ओढा लागला. ओढ्यात वरून उडून आलेलं शिळं पाणी दगडांतून वाहत होतं. रिकामे हात लोंबते सोडून निंगव्वा चालत होती. ओढा ओलांडून म्हणाली, "पडदा झ्याक व्हता, व्हय रं?"

तेव्हा त्याला रडू कोसळलं. भर रस्त्यात, कोट घातलेला माणूस, पण त्याला आवरेना. निंगव्वा थांबली नाही.

दीड महिन्यानं उटीहून हुकूम आला. बोरहाळच्या राजनिष्ठेनं श्रीमंतांस परम संतोष झाला असून, अर्पण केलेलं पाणी वाहून आणण्याचे श्रम रयतेस पडू नयेत, सबब तळ्याप्रमाणं गावच्या आडासही सरकारी नळ बसवण्यात यावा. खेरीज बोरहाळच्या माणसांना महाल बघायला सोमवार-गुरुवारची अट राहू नये, त्यांनी हव्या त्या दिवशी यावं. गावानं या खेपेस नारळ फोडला नाही. नारळ तांब्यावर गेला होता.

तांब्या बेचाळिसाव्या दालनात आहे. काचेच्या कपाटात, मखमलीच्या उशीवर (मखमल सोलापूरचीच), खाली पाटी: 'रयतेचं प्रेम'. आत काय आहे ते बघायला नारळ उचलायची परवानगी नाही. बसलिंगप्पा नवी पेठेत परतला. गिऱ्हाइकं येतात आणि कौतुकानं विचारतात, म्हणे तुम्ही तो महाल आतून पाहिलात? काय काय आहे हो? तो हातातला गज खाली ठेवून सांगायला लागतो, तांब्यापासून. तांब्याशी लोक थांबत नाहीत. ते म्हणतात, ते राहू द्या, झुंबर कसं आहे?

लोकांना मी नावं ठेवत नाही. वाचकहो, तुम्हीही माझ्याबरोबर बेचाळीस दालनं चाललात, पागोटं सांभाळलंत, मामलेदारांच्या चार मुजऱ्यांना हसलात, पडद्यालाही हात लावून पाहिलात. दमला असाल. तेव्हा जाता जाता एकच विचारतो. झुंबराला लोलक किती, हे तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगाल. बोरहाळच्या आडात पाणी किती हात उरलं होतं? सांगितलं होतं मी, अगदी सुरुवातीला, एकदाच.

नाही ना आठवत? असू द्या. वही उघडीच आहे, इथं सही करा. आणि पागोटं देवडीवर ठेवायला विसरू नका.